कानाचा पडदा आणि आतली हाडं बसवण्याचं ऑपरेशन : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कान वर्षानुवर्षं वाहतोय, ऐकू कमी येतंय, आणि डॉक्टर म्हणाले, "पडदा बसवावा लागेल, आत गेल्यावर कळेल, कदाचित हाडही बसवावं लागेल." हे ऐकून घरी गेल्यावर जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं इथे आहेत. ओपीडीतल्या गर्दीत एवढं बोलणं होत नाही आणि मग शेजारीपाजारी सांगतील ते खरं वाटायला लागतं. तुमच्या कानाबद्दलचा निर्णय मात्र तुमचा कान दुर्बिणीतून तपासलेल्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

मध्यकान म्हणजे नेमका कुठला भाग?

पडद्याच्या आतली हवेने भरलेली लहानशी पोकळी. तिच्यात तीन हाडांची साखळी असते: हातोडी, ऐरण आणि रिकीब. हातोडीचा दांडा पडद्याला चिकटलेला असतो आणि रिकिबीचा तळ अंतर्कानाच्या खिडकीवर बसलेला असतो. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटर उंचीची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड.

एवढी यंत्रणा लागते, कारण आवाज येतो हवेतून आणि ऐकण्याची नस ज्या पेशींशी जोडलेली आहे त्या असतात अंतर्कानातल्या द्रवात. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळा माघारी फिरतो. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असतो आणि रिकिबीचा तळ ३ चौरस मिलिमीटरच्या थोडा वर. मोठ्या जागेवरचा जोर इवल्याशा जागेवर एकवटतो, त्यात हाडांची तरफ भर घालते, आणि दाब सुमारे २२ पटींनी वाढतो. ऑपरेशनमध्ये आम्ही पुन्हा उभी करायला बघतो ती हीच व्यवस्था.

ती बिघडते कशाने?

आपल्याकडे सगळ्यात जास्त प्रमाणात कान वाहण्याने. लहानपणी सर्दी झाली, कान फुटला, पडद्याला भोक पडलं आणि ते बुजलं नाही. मग दर सर्दीला, दर पावसाळ्यात, विहिरीत पोहून आल्यावर कान वाहायला लागतो. पू आत साचून राहिला की हाडं झिजतात. त्यातही पहिला बळी ऐरणीच्या लांब दांड्याचा जातो, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो. दुर्बिणीतून बघताना हे चित्र सारखं दिसतं: हातोडी जागेवर, रिकीब जागेवर, मधला दुवा गायब.

दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागून ऐरण निसटू शकते. काही मुलांमध्ये हाडं जन्मतःच नीट घडलेली नसतात. आणि काही लोकांचा पडदा अगदी ठणठणीत असतो, पण रिकीब जागीच घट्ट बसते. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

कान दुखत तर नाही. मग घाई कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. दुखत नाही म्हणून माणसं दहा-दहा वर्षं कापसाचा बोळा घालून काढतात.

वाहणारे कान ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिल्या प्रकारात भोक पडद्याच्या मधल्या भागात असतं, पाणी भरपूर येतं, पण त्याला घाण वास नसतो आणि औषधाने कान काही काळ कोरडा पडतो. यात ऐकणं हळूहळू कमी होतं, जिवाला सहसा धोका नसतो. दुसऱ्या प्रकारात पडद्याची कातडी आत ओढली जाते आणि मध्यकानात एक पिशवी तयार होते. तिच्यात मेलेल्या कातडीचे थर साचत जातात. याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. पाणी थोडंच येतं, पण घाणेरडा वास येतो, कधी रक्ताचा अंश दिसतो. ही पिशवी हाड खात पुढे सरकते. एका बाजूला चेहऱ्याची नस, एका बाजूला तोल सांभाळणाऱ्या नळ्या आणि वर हाडाचा पातळ पडदा ओलांडला की मेंदूचं आवरण. तोंड वाकडं होणं, चक्कर येणं, मेंदूज्वर, मेंदूत पू होणं हे सगळं या दुखत नसलेल्या कानामुळे होऊ शकतं.

म्हणून कानातून वास येत असेल तर ऐकू चांगलं येत असलं तरी थांबू नका. कधीकधी ती पिशवीच हाडांमधल्या तुटलेल्या जागी बसून आवाज पुढे पोचवत असते. माणसाला वाटतं कान ठीक आहे, आणि आतलं हाड केव्हाच गेलेलं असतं.

माझं ऐकणं किती परत येईल?

याचं उत्तर तुमच्या ऑडिओग्रामच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, कागदावर आहे, आणि ते वाचायला प्रत्येक रुग्णाने शिकावं असं मला मनापासून वाटतं. ही तपासणी दोन प्रकारे होते. कानावर हेडफोन लावून आवाज ऐकवतात, तो पूर्ण वाटेने जातो: नळी, पडदा, हाडं, मग नस. दुसऱ्या वेळी कानामागच्या हाडावर एक कंप देणारं यंत्र ठेवतात, तेव्हा आवाज पडदा आणि हाडं टाळून सरळ अंतर्कानात पोचतो. कागदावर या दोहोंच्या दोन वेगळ्या रेषा असतात. त्यांच्यात जितकं अंतर, तितकं नुकसान मध्यकानात आहे. ऑपरेशनने भरून काढता येतं ते एवढंच अंतर.

समजा एका शिक्षिकेची हाडाची रेषा १० डेसिबलवर आहे आणि हवेची, म्हणजे हेडफोनची, ५० वर (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी). अंतर ४०. तिच्या अंतर्कानात दोष नाही, ऑपरेशनने खूप मिळण्यासारखं आहे. दुसरे एक आजोबा: हाडाची रेषा ४५ वर, हवेची ६० वर. अंतर फक्त १५. पडदा उत्तम बसला तरी त्यांना श्रवणयंत्र लागणारच, कारण नसच थकलेली आहे. त्यांचंही ऑपरेशन करावं, कान कोरडा करण्यासाठी करावं, पण ते आधी समजून. नुसतं भोक असेल तर तूट सहसा ४० डेसिबलच्या आत राहते. पडदा शाबूत असून साखळी पूर्ण तुटली तर ती ६० पर्यंत जाते.

"शंभर टक्के ऐकू येईल का" असं विचारण्यापेक्षा "माझ्या दोन रेषांमध्ये अंतर किती आहे" असं विचारा. डॉक्टरांनाही नेमकं उत्तर देणं सोपं जाईल.

कागदावर लिहिलेल्या नावांचा अर्थ काय?

मायरिंगोप्लास्टी म्हणजे फक्त पडद्याचं भोक बुजवणं. टिंपॅनोप्लास्टी म्हणजे पडदा बसवणं, शिवाय आतली पोकळी आणि हाडं तपासून जे बिघडलं असेल ते दुरुस्त करणं. ऑसिक्युलोप्लास्टी म्हणजे हाडांची साखळी जोडणं. मॅस्टॉइडेक्टॉमी म्हणजे कानामागच्या हाडात पसरलेला रोग ड्रिलने कोरून काढणं. यातली दोन-तीन एकाच वेळी होऊ शकतात. संमतिपत्रावर लांबलचक यादी दिसली तर घाबरू नका. आत काय सापडेल त्याची तयारी असते ती.

नवा पडदा कुठून आणतात?

तुमच्याच अंगातून. कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ आवरण असतं, त्याचा तुकडा घेतात. कानामागे ज्या जागी छेद देतात तिथूनच तो मिळतो, वेगळी जखम करावी लागत नाही. त्यावरचे मांसाचे तंतू खरवडून तो पसरून सुकवतात. सुकला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा होतो, हवा तसा कापता येतो. जुन्या पडद्याच्या कडा ताज्या करून हा तुकडा आतल्या बाजूने टेकवतात, खाली जेलफोमचा (आत विरघळणाऱ्या स्पंजचा) आधार देतात. कडेने कातडी वाढत येते आणि काही आठवड्यांत भोक बंद होतं.

पडदा वारंवार आत ओढला जात असेल, किंवा आधीचं ऑपरेशन फसलेलं असेल, तर कानाच्या पाळीची किंवा नळीच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्याची कूर्चा (मऊ, लवचीक हाड) वापरतात. ती जाड असते, टिकते चांगली.

आणि हाड?

शक्य असेल तर तेही तुमचंच. झिजलेली ऐरण बाहेर काढतात. सर्जन चिमट्यात ते हाड धरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ड्रिलच्या हिऱ्याच्या बारीक टोकाने त्याला घडवतो: एका टोकाला रिकिबीच्या डोक्यावर बसेल एवढा खड्डा, दुसऱ्या टोकाला हातोडीचा दांडा टेकेल अशी खाच. घासताना हाड निसटून खाली पडलं तर शोधणं मुश्कील, म्हणून त्या दोन-चार मिनिटांत कुणी बोलतसुद्धा नाही. घडवलेला तुकडा मग हातोडी आणि रिकिबीच्या मध्ये अलगद सरकवतात. एका टोकाला सुईने हळूच दाबून बघतात, दुसरं टोक हललं पाहिजे.

मात्र कोलेस्टिॲटोमाने वेढलेलं हाड पुन्हा वापरणं धोक्याचं, त्यात रोगाचे कण राहू शकतात. तेव्हा कूर्चा किंवा कृत्रिम हाड वापरतात. रिकीब शाबूत असेल तर आखूड, त्याला पॉर्प म्हणतात. रिकिबीची कमान गेली असेल, फक्त तळ उरला असेल, तर लांब, त्याला टॉर्प म्हणतात. ती टायटॅनियमची, हायड्रॉक्सिॲपटाइटची किंवा टेफ्लॉनची असतात. पडदा आणि कृत्रिम हाड यांच्यामध्ये कूर्चेची चकती ठेवतात, नाहीतर ते पडदा भेदून बाहेर येऊ शकतं.

हे ऑपरेशन नवीन आहे का?

नाही. जर्मनीतले होर्स्ट वुलस्टाइन आणि फ्रिट्झ झोल्नर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला याची पद्धत घालून दिली. वुलस्टाइन यांनी केलेले टिंपॅनोप्लास्टीचे पाच प्रकार आजही विद्यार्थ्यांना शिकवतात. ऑपरेशनचा सूक्ष्मदर्शक त्याच सुमारास आला, आणि त्याच्याशिवाय हे काम शक्यच नव्हतं. सुरुवातीला पडद्यासाठी कातडी वापरत. ती मागाहून खराब होई, म्हणून स्नायूवरच्या आवरणाकडे वळले. आता बरेच सर्जन एंडोस्कोप (बारीक नळीची दुर्बीण) वापरून कानाच्या नळीतूनच हे ऑपरेशन करतात. बाहेर छेद लहान किंवा अजिबात नाही. पण रोग कानामागच्या हाडात खोल गेला असेल तर कानामागून जावंच लागतं.

माझा पडदा चांगला आहे, कान कधी वाहिला नाही, तरी "हाड घट्ट बसलंय" म्हणतात. हे काय?

हा ओटोस्क्लेरोसिस. रिकिबीच्या तळाभोवती नवं हाड वाढतं आणि ती हलेनाशी होते. बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो, कुटुंबात आणखी कुणाला असू शकतो. गरोदरपणात ऐकणं आणखी उतरल्याचं काही जणी सांगतात. एक खूण फार बोलकी आहे: एसटीच्या खडखडाटात समोरच्याचं बोलणं बरं ऐकू येतं आणि शांत घरात येत नाही. गोंगाटात बाकीचे लोक मोठ्याने बोलतात आणि या माणसाला मात्र तो गोंगाटच कमी ऐकू येतो, म्हणून असं होतं. ही माणसं स्वतः हळू आवाजात बोलतात.

यातलं ऑपरेशन म्हणजे स्टेपिडॉटॉमी. रिकिबीची कमान काढतात, तळाला मिलिमीटरहूनही लहान छिद्र पाडतात आणि त्यात टेफ्लॉनचा किंवा टायटॅनियमचा पिस्टन बसवतात. त्याची आकडी ऐरणीच्या दांड्याभोवती आवळतात. पिस्टनची जाडी असते ०.४ ते ०.६ मिलिमीटर. अमेरिकेत मेम्फिस इथे जॉन शे यांनी १९५६ साली टेफ्लॉनची रिकीब पहिल्यांदा बसवली, त्यातूनच आजची पद्धत आली.

मोठ्या माणसांमध्ये हे ऑपरेशन अनेकदा जागेपणी करतात. पिस्टन बसला की सर्जन मास्कमधूनच हळू आवाजात विचारतो, "काकू, ऐकू येतंय का?" आणि हिरव्या कापडाखालून "हो" येतं. कधीकधी त्या "हो" पाठोपाठ रडूही येतं. ऑपरेशन थिएटरमधला हा क्षण कितीही वेळा अनुभवला तरी मला सवयीचा झालेला नाही.

भूल पूर्ण देतात का?

मोठ्यांना बऱ्याचदा जागेवरच्या भुलीचं इंजेक्शन आणि गुंगीचं औषध पुरतं. मुलांना, फार घाबरणाऱ्यांना आणि लांबणाऱ्या ऑपरेशनला पूर्ण भूल. वेळ साधारण दीड ते तीन तास.

धोके कोणते?

सांगायलाच हवेत. पडदा न धरणं, पुन्हा भोक पडणं, कृत्रिम हाड सरकणं किंवा बाहेर येणं. जिभेच्या एका बाजूला चव बदलणं, धातूसारखी लागणं: चवीची बारीक नस मध्यकानातूनच जाते आणि ताणली जाते. बहुतेकांना काही महिन्यांत बरं वाटतं. काही दिवस चक्कर, कानात आवाज. चेहऱ्याच्या नसेला इजा हा दुर्मीळ पण गंभीर धोका. अंतर्कानाला इजा होऊन तो कान कायमचा बहिरा होणं हेही दुर्मीळ. स्टेपिडॉटॉमीत ही शक्यता साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी धरतात. म्हणूनच ज्याला एकाच कानाने ऐकू येतं, त्याच्या त्या कानावर स्टेपिडॉटॉमी सहसा करत नाहीत, श्रवणयंत्र देतात.

यश किती?

नुसता पडदा बसवणं अनुभवी हातात दहातल्या साडेआठ-नऊ रुग्णांमध्ये जमतं. स्टेपिडॉटॉमीचे निकाल तर फारच चांगले, दहातल्या नऊ जणांमध्ये दोन रेषांतलं अंतर १० डेसिबलच्या आत येतं. तुटलेली साखळी जोडण्याचा निकाल याहून कमी आणि बेभरवशाचा. रिकीब शाबूत असेल तर बरा, फक्त तळ उरला असेल तर आणखी उतरतो. तंबाखू आणि सिगारेटने पडदा धरण्याची शक्यता कमी होते. ऑपरेशन ठरलं की त्या दिवसापासून बंद करा.

आधी रोग काढला, हाड नंतर बसवू म्हणाले. एकदमच का नाही?

कोलेस्टिॲटोमा परत येऊ शकतो. म्हणून पहिल्या खेपेला कान रोगमुक्त करतात, आणि सहा महिने ते वर्षभराने पुन्हा बघून, आत काही उरलं नाही याची खात्री करून हाड बसवतात. आधी जीव, मग कोरडा कान, मग ऐकणं, हा क्रम बदलायचा नाही.

मुलांचं कधी करावं?

साध्या भोकासाठी बरेच डॉक्टर सात-आठ वर्षांपर्यंत थांबतात, कारण लहान वयात सर्दी वारंवार होते आणि नाकामागून कानात जाणारी युस्टेशियन नळी पुरेशी कामाला लागलेली नसते. घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते काम याच नळीचं. तोपर्यंत कान कोरडा ठेवायचा आणि मुलाला वर्गात पुढे बसवायचं, हे शाळेत जाऊन सांगायचं. ऐकू न येणारं मूल बाईंना अनेकदा "लक्ष नसलेलं" वाटतं. दोन्ही कान खराब असतील तर इतकं थांबत नाहीत, आणि कोलेस्टिॲटोमा असेल तर वय बघतच नाहीत.

थेंब, तेल, घरगुती उपाय करून बघू का?

लसणाचं तेल, कोमट तेल, अंगावरचं दूध यातलं काहीही भोक असलेल्या कानात घालू नका. भोक त्याने बुजत नाही, आत बुरशी मात्र वाढते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले काही थेंबही भोकातून आत जाऊन अंतर्कानाला अपाय करू शकतात. हेअरपिन, आगकाडी, रस्त्यावर कान कोरणारा: नको.

एक वेगळी गोष्ट. कानाखाली बसली, किंवा दिवाळीत फटाका जवळ फुटला आणि पडदा नुकताच फाटला, तर तो बहुतेक वेळा आपोआप भरतो. दीड ते तीन महिने कान कोरडा ठेवायचा, आत काहीही घालायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवत राहायचं.

घरी आल्यावर काय सांभाळायचं?

आठवड्याभराने टाके काढतात. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही: आंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून बोळा घालायचा, डोकं धुताना दुसऱ्याची मदत घ्यायची. नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, कारण नाक दाबून धरलं तर हवा युस्टेशियन नळीतून वर जाऊन पडदा उचलू शकते. महिनाभर जड वजन नको, घागर-हंडे नकोत, हे घरातल्यांनी लक्षात घ्यावं, कारण बाई घरी आली की चौथ्या दिवशी पाणी भरायला लागते. विमानप्रवास साधारण चार ते सहा आठवड्यांनी आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर. टेबलावरचं काम आठ-दहा दिवसांत सुरू करता येतं. पोहणं बरेच महिने नाही.

ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले, आधीपेक्षाही कमी ऐकू येतंय!

कान आतून-बाहेरून जेलफोमने भरलेला आहे. ते विरघळेपर्यंत दडा बसल्यासारखं वाटणारच. खरा निकाल तीन महिन्यांच्या ऑडिओग्रामवर बघतात.

कानात धातू आहे, एमआरआय चालेल का?

टायटॅनियमच्या आणि टेफ्लॉनच्या रोपणांना सहसा अडचण नसते. पण ऑपरेशनचा कागद आणि रोपणाचं स्टिकर जपून ठेवा, एमआरआयच्या आधी दाखवा. विमानतळावरच्या तपासणीत काही वाजत नाही.

खर्च झेपणार नाही. सरकारी सोय आहे का?

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं आणि कुठे होतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ही ऑपरेशनं नेहमी होतात. ऐकण्याच्या तपासणीसाठी आणि श्रवणयंत्रासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे.

ऑपरेशन नको असेल तर श्रवणयंत्र चालेल?

कोरड्या कानाला, आणि ओटोस्क्लेरोसिसला, नक्की चालेल आणि तो मानाचा पर्याय आहे. वाहणाऱ्या कानात मात्र यंत्राचा साचा घातला की वारा कोंडतो आणि कान आणखी वाहतो. कोलेस्टिॲटोमा असेल तर यंत्र हा उपाय होऊच शकत नाही.

दोन्ही कान खराब आहेत. एकाच वेळी करतात का?

सहसा एका वेळी एक, आणि जो जास्त बहिरा तो आधी. तो स्थिरावला, निकाल समजला, की काही महिन्यांनी दुसऱ्याचा विचार. रोग घातक असेल तर अर्थातच तो कान आधी.

लगेच कधी दाखवायचं?

तोंड एका बाजूला वाकडं झालं, डोळा मिटत नसेल, खोली गरगर फिरतेय असं वाटून उलट्या होत असतील, ताप येऊन डोकं खूप दुखत असेल, मान आखडली असेल, किंवा चांगलं येत असलेलं ऐकणं अचानक गेलं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी त्याच वेळी निघा.